तिप्पट लाल

साखरेच्या गोळ्यांच्या कारखान्यात तिला सगळे रंगमावशी म्हणत. पाकात रंग घालायचं काम सव्वीस वर्षं तिच्याकडे. खरं तर रंग काट्यावर तोलून घालायचा, कारण ठरल्यापेक्षा जास्त गेलेला बरा नव्हे. पण मावशी काट्याला हात लावील तर शपथ! पांढऱ्या बशीत पाकाचा थेंब टाकायचा, बघायचं, फिका वाटला तर आणखी चिमूटभर. "काटा नवशिक्यांना," ती म्हणे, आणि तिच्या अनुभवापुढे कुणाचं काय चालणार!

मोतीबिंदूचं ऑपरेशन करून ती महिन्याने कामावर आली. उजवा डोळा नवा, डावा अजून जुनाच. बरणीत उरलेली आपल्याच हातची लाल गोळी तिने हातात घेतली आणि दचकली. केवढी भडक! उजवा डोळा मिटला, तर तीच गोळी नेहमीसारखी दिसली. तिने पुन्हा पुन्हा करून बघितलं. मग एका पाकाला ती घालायची तेवढा रंग काट्यावर ठेवला. ठरल्याच्या तिप्पट भरला.

ती स्टुलावर बसली. डोळ्यांवर पडदा चढत गेला होता आणि ती रंग वाढवत गेली होती. वरून रोज फुटक्या गोळ्यांची पुडी नातीला. पोरीच्या अंगावर पुरळ उठायचं, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "नक्की सांगता येत नाही, पण रंगीत खाणं बंद करून बघा." मावशी त्यांच्यावरच उखडली होती, "माझ्या हातचा रंग आहे तो!" आता ते आठवून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती मालकाकडे गेली. "चुकलं माझं. रंग तिप्पट गेलाय. माल परत मागवा."

"मावशी, पोरं हीच गोळी मागतात. खप वाढलाय. वर्षभरात कामातून सुटाल तुम्ही, कशाला नसती उठाठेव?"

ती परत आपल्या जागी आली. तिने बरणीतल्या त्या गोळ्यांची नेहमीसारखी पुडी बांधली. फाटकावरच्या रखवालदाराने नेहमीसारखंच विचारलं, "नातीला का?" तिने पुडी पिशवीत टाकली.

घराचं वळण आलं तशी ती सरळ पुढे गेली, अन्नतपासणीच्या कचेरीत. टेबलावर पुडी ठेवली. कारकुनाने अर्ज पुढे ओढला.

"तक्रार कुणाविरुद्ध?"

"पहिलं नाव माझंच लिहा," मावशी म्हणाली. "मालकाचं त्याच्याखाली."