पाहुण्यांची चिमूट

आमचे हे, अमोलराव, दिंडोरीचे द्राक्ष बागायतदार. इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये त्यांनी समुद्र आणून ठेवला आहे: खाऱ्या पाण्याची टाकी, प्रवाळ आणि नारंगी क्लाऊन माशांची जोडी. कौतुक त्यांना माशांचं नाही, बघणाऱ्यांचं. येईल त्या पाहुण्याच्या हातावर चिमूटभर खाद्य ठेवायचं आणि म्हणायचं, "टाका, मजा बघा." दोन मासे खाऊन खाऊन किती खाणार? उरलेलं तळाशी जातं. मी काच पुसायला गेले की ती दोघं पुढे येतात. या घरात माझी दखल घेणारे तेवढेच.

मग दगडांतून ब्रिसल वर्म निघाले, अंगभर बारीक काटे असलेल्या लालसर अळ्या. दुकानदाराने समजावलं, "त्या उष्टं खातात. खाद्य कमी करा, आपोआप कमी होतील."

"पाहुण्यांना नाही म्हणू?" अमोलराव म्हणाले. "बागेत कीड दिसली की मी वाट बघत बसत नाही."

त्यांनी नळीत कोळंबीचा तुकडा घालून सापळा लावला. पहिलीच अळी मोठ्या रुबाबात बोटांनी उचलली. काटे घुसले, हात सुजला. चिकटपट्टी लावून मी ते उपटत होते आणि हे माझ्यावरच ओरडत होते. पुढचे सापळे अर्थातच माझ्याकडे आले. "संडासात ओतून ये," म्हणाले. मी ओतले नाहीत. टाकीचं पाणी बदलायला बाल्कनीत खाऱ्या पाण्याच्या दोन बादल्या पंप लावून तयार असतात, त्यातल्या एकीत अळ्या सोडल्या. बादलीत डोकावण्याचे कष्ट अमोलराव कधी घेत नाहीत.

टाकीतल्या अळ्या संपल्या. विजयाचं स्टेटस पडलं. आठवड्यात पाणी गढुळलं, वास सुटला, आणि रविवारी माझी जोडी वर येऊन तोंडं उघडमीट करू लागली.

नेमके तेव्हाच गोरक्षमामा आलेले. "लय भारी हे," म्हणत त्यांनीही चिमूट टाकली.

"हर्षाली," अमोलराव पायावर पाय टाकून म्हणाले, "रोज सकाळी तळ तेवढा साफ करत जा."

मी बाल्कनीतून अळ्यांची बादली आणली आणि मामांसमोर टाकीत ओतली. अळ्या वळवळत तळाशी गेल्या, खाद्याला लागल्या.

"हे काय केलंस?"

"तुमचं उष्टं काढणारे परत आणले," मी म्हणाले. मग जाळीने जोडी उचलून बाल्कनीतल्या दुसऱ्या, स्वच्छ बादलीत सोडली. "ही दोघं माझी."

चहाचे कप टीपॉयवर तसेच ठेवून मी बाल्कनीतच थांबले आणि दार माझ्या बाजूने लावून घेतलं.