भरतकामाच्या संगणकाचे कुलूप

माझ्या टोकाशी धातूच्या चार पट्ट्या आहेत. त्यांपैकी बाहेरच्या दोन पट्ट्या आतल्या दोघींपेक्षा किंचित लांब आहेत. वीज आधी यावी, संगणकाशी बोलणे नंतर व्हावे, म्हणून. साहजिकच सोनेरी मुलामा त्या दोघींचाच आधी झिजला.

मित्रांनो, मी बोटाच्या पेराएवढा एक जुना डोंगल आहे. आमच्या कारखान्यात मला ‘लॉक’ म्हणतात. भरतकामाची नक्षी आखण्याचे एक विकतचे सॉफ्टवेअर आहे. मी संगणकाला जोडलेला असलो तरच ते उघडते. मी स्वतः काही आखत नाही, फक्त होकार देतो.

दोन जावांनी घरामागच्या खोलीत भरतकामाचे यंत्र बसवले, तेव्हा मी आलो. थोरली बिल्ले आणि वेलबुट्ट्या आखायची, धाकटी यंत्र सांभाळायची. अडले की थोरली कंपनीला फोन करायची. पलीकडचा माणूस ओळखीच्या सुरात विचारायचा, “ताई, आज काय रुसलंय?” गुंता सुटेपर्यंत तो फोन ठेवत नसे. ती मदत किमतीत धरलेली होती, आणि खरोखर मिळतही होती.

पुढे ती कंपनी दुसऱ्या कंपनीने घेतली. फोनवर माणसाऐवजी संगीत वाजू लागले. शेवटी कोणीतरी सांगितले, “तुमची आवृत्ती आता आम्ही सांभाळत नाही. नवी घ्या.” नवा संगणक मला ओळखेना, म्हणून माझ्याखातर जुनाच चालू राहिला. माझे कवच तडकले. थोरलीने त्यावर दोरा गुंडाळला आणि मला आपल्या चष्म्याच्या डबीत जागा दिली.

“डिझाइनं लॉकशिवाय उघडतील अशी बाहेर काढून ठेवू या,” धाकटी म्हणायची.

“बघू,” थोरली म्हणायची.

त्या डबीनेच घोटाळा केला. लेकीच्या बाळंतपणाला जाताना थोरलीने चष्म्याबरोबर मलाही नेले. इकडे अग्निशमन दलाच्या खांद्यावरच्या पट्ट्या आखायच्या राहिल्या होत्या. पुढचे मला नंतर, दोघींच्या भांडणातून कळले. धाकटीने एक मोफत सॉफ्टवेअर उतरवून घेतले. कोणीही घ्यावे, वाटावे, हवे तर बदलावे, अशा बोलीवर ते दिलेले होते. ते मिळाले चहा उकळेपर्यंत. मदत मात्र तशी मिळाली नाही. वापरणाऱ्यांच्या चर्चागटावर तिने लिहिले, ‘चालत नाही. लवकर सांगा.’ कोणी उत्तर दिले नाही. तिथे कोणी कोणाला बांधील नव्हते. मग तिने यंत्र कोणते, कापड कोणते, दोरा कुठे तुटतो, हे सगळे नीट लिहून फाइल जोडली. एका परक्या शिंपिणीने उत्तर पाठवले: टाके विरळ करा, खाली अस्तराचा थर द्या. पट्ट्या वेळेवर गेल्या.

थोरली परतली. तिने मला जोडले. माझा दिवा लुकलुकला आणि विझला. बोटाने दाबून धरल्यावर पुन्हा लागला.

“फुकट ते पौष्टिक, असंच ना?” ती धाकटीला म्हणाली.

“पौष्टिक कसलं, जाऊबाई! तिथं आधी नीट विचारायला शिकावं लागतं. चार दिवस डोकं उठलं माझं. पण हे लॉक गेलं, तर तुमची गुलाबाची वेल मी कुणाकडे मागू?”

ती वेल थोरलीने पहिल्याच वर्षी आखली होती, आणि माझ्या होकाराशिवाय तिच्यातली एक पाकळीही आता तिला हलवता येत नव्हती.

मित्रांनो, विकतचे वाईट आणि मोफतचे चांगले, असे मी म्हणणार नाही. थोरलीने मला डोळ्यांत तेल घालून जपले, त्याबद्दल मी ऋणी आहे. पण काही घेताना विचारून ठेवा: अडले तर कोणाला विचारायचे? आणि तो नसला, तर आपले काम आपल्या हाती राहील का? मी थकलो तर मी थांबावे. तिची वेल का थांबावी?

थोरलीने बोट माझ्यावरून काढले नाही. दुसऱ्या हाताने चष्मा सारखा केला.

“याच्यात धुगधुगी आहे तोवर माझी सगळी डिझाइनं बाहेर काढ,” ती म्हणाली. “आणि तुझ्या त्या नव्यात पुढचा बिल्ला मी आखणार. तू शेजारी बसायचं. हसायचं नाही.”