आधी आमची टोपली

मित्रांनो, तुमच्या ओट्याखाली पडलेल्या पाट्याचा मी खापरपणजोबा. मी एक जुना, काळ्या कातळाचा पाटा आहे. युफ्रेटिस नदीच्या काठी माझा जन्म झाला तेव्हा राजा नव्हता, गाव नव्हते, भिंतही नव्हती. त्यामुळे भिंतीला कान असण्याचा प्रश्न नव्हता. यागू नावाच्या माणसाने गारगोटीने टाचून टाचून मला सपाट केले. त्यात त्याचा अंगठा फुटला. माझ्या बारशाला माझ्या कानावर पडलेले पहिले शब्द म्हणजे त्याच्या शिव्या.

त्या काळी माणसे हरणांमागे हिंडत. रानगहू पिकला की काठावर येत, माझ्यावर दळत आणि जाताना मला पालथा घालून ठेवत. माझ्यासारखे ओझे सोबत नेणार कोण? पुढे जो येईल त्याने मला उलथावे, दळावे, पुन्हा पालथे घालावे. हा पाटा कोणाचा, असे कोणी विचारत नसे. नदी कोणाची, असे विचारतात का? हल्ली विचारतात म्हणे.

मग एका वर्षी गहू मातला. कोर्तो आणि त्याची बायको नालू यांनी पेव खणले आणि काठोकाठ भरले. पेव भरले की राखायला माणूस बसतो. माणूस बसला की छप्पर येते. छपराखाली भिंत येते, आणि भिंत आली की आत काय आणि बाहेर काय हे ठरवावे लागते. मी आत ठरलो. चौघांनी ओढत मला घरात नेले. नालूने माझ्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "माझा पाटा!" खरे सांगतो, मला गुदगुल्या झाल्या. त्या गुदगुल्यांची मला अजून लाज वाटते.

पुढच्या सुगीला यागूची विधवा हेशू आणि तिची लेक अनारी फिरत फिरत आल्या. यागू वाटेतच गेला होता. म्हातारीच्या तोंडात दात नव्हते. दळलेल्या पिठाची पेज मिळाली तरच तिच्या पोटात काही जाणार होते.

"अगं नालू, पाटा कुठाय? पुरात वाहून गेला की काय?" हेशू दारातून ओरडली.

"आत आहे, मावशी. आता तो घरातला झाला."

"घरातला? पाटा आहे का जावई?"

नालू हसली नाही. "आम्ही वर्षभर राखला त्याला."

"राखला? का गं, लांडगा खात होता त्याला?"

कोर्तो स्वतःच्या पायांकडे बघत म्हणाला, "तसं नाही मावशी. आज तुम्ही दळाल, उद्या आणखी कोणी येईल. मग आमचं कधी व्हायचं?"

"आई वाटभर नुसते दाणे चोखत आलीय," अनारी म्हणाली. "तिच्यापुरतं दळू दे गं. ओंजळभर."

"दळ की, नाही कोण म्हणतंय?" नालू म्हणाली. "आधी आमची टोपली होऊ दे, मग तुझी ओंजळ."

"माझ्या नवऱ्यानं टाचलाय तो!" म्हातारी कडाडली.

"मग न्यायचा होता पाठीवर."

अनारी आत आली आणि माझ्यापुढे गुडघे टेकून बसली. टोपली संपली तेव्हा दिवस मावळला होता. मग तिने आपली ओंजळ दळली. म्हातारी पेज बोटाने चाटून खात होती, आणि नालू घासलेलेच भांडे पुन्हा पुन्हा घासत होती. तिची मान वर होईना. मधेच उठून तिने न मागता मसुरीचे कढण त्या दोघींपुढे ठेवले आणि लगबगीने बाहेर निघून गेली. तिला लाज वाटत होती. मलाही. पण मी दगड, म्हणून माझी लाज कोणाला दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी भरलेली टोपली आधीच तयार होती. "जमेल तसं दळ हं," नालू हळूच म्हणाली. आणखी काही दिवसांनी म्हणाली, "बारीक दळ." आणि थंडी पडेपर्यंत, "किती वेळा सांगायचं गं तुला?" तेव्हा ती सरळ अनारीच्या डोळ्यांत बघत होती. म्हातारी वारली, पण अनारी दळत राहिली. पेव आतच होते ना! पुढे तिला उठताना भिंतीचा आधार लागू लागला.

त्या काठावर नंतर मोठमोठी शहरे झाली. विद्वान सांगतात, त्यांच्या पायाशी शेती होती, साठा होता, श्रमविभागणी होती. असेल. श्रमविभागणी मी जवळून पाहिली आहे: एकीची टोपली आणि दुसरीचे गुडघे.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. मी दगड आहे, टिकतो. पण पहिल्या संध्याकाळी नालूची मान खाली गेली होती ना, ती लाज जपा. पाटा गुळगुळीत झाला तर त्याला पुन्हा टाकी लावून खरखरीत करता येते. लाजेला टाकी लावणारा मला इतक्या वर्षांत भेटलेला नाही.