तिसरा डबा, चौथा डबा

ऑपरेटरने उभ्या जन्मात बर्फ पाहिला होता तो मासळीच्या पेटीत. तेवढ्या अज्ञानापायी एका शहाण्यासुरत्या माणसाला तीस वर्षं चकवा बसला, आणि हे ठाऊक असलेला माणूस जगात एकच होता. स्वतः ऑपरेटर.

झालं ते असं. फिल्म क्लबकडे एका जुन्या स्वीडिश सिनेमाची प्रिंट आली, पाच डब्यांत. वाटेत डबे भिजून चिठ्ठ्या निघून गेल्या होत्या. बाकीचे डबे कसेबसे जुळले, पण तिसरा कुठला आणि चौथा कुठला, इथे गाडं अडलं. ऑपरेटरने दोन्ही रिळांची सुरुवात दिव्यासमोर धरली. एकात अंगणात घोटाभर बर्फ, दुसऱ्यात थेट खिडकीपर्यंत. बर्फ साठत जातो, म्हणजे घोटाभराचा आधी, असं त्याने ठरवून टाकलं. हिवाळा सरताना तो वितळतोही, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

बेटावरच्या एका घराची गोष्ट होती. बाप, मुलगा आणि आई. ऑपरेटरने लावलेल्या क्रमात आईची शवपेटी घराबाहेर गेली, आणि पुढच्याच रिळात आई स्वयंपाकघरात आपल्या खुर्चीत बसून पीठ मळू लागली. ना बापाला त्याचं नवल, ना मुलाला.

दिवे लागले तसे सर उठून उभे राहिले. सर कॉलेजात शिकवायचे, क्लब त्यांनीच काढलेला. त्यांची बायको जाऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते, पदरी आठ वर्षांची मुलगी. "गेलेलं माणूस घर सोडत नाही," ते म्हणाले, "हे इतक्या साधेपणाने मी कुठे पाहिलं नव्हतं." आणि ते हसले. दोन महिन्यांत त्यांना हसताना कोणी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रीळ गुंडाळताना ऑपरेटरला फिल्मच्या कडेला खरवडलेले आकडे दिसले. तिसरा आणि चौथा डबा उलटे लागले होते. सांगायला म्हणून तो सरांच्या घरापर्यंत गेलासुद्धा. पाहतो तर सर मुलीला भरवत होते आणि मधूनमधून स्वतःही घास घेत होते. ऑपरेटर मूग गिळून परत फिरला. पुढे दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना सर तोच सिनेमा दाखवायचे आणि ऑपरेटर तो तसाच लावायचा. दुसरी प्रत कोणाच्या पाहण्यात नव्हती. पहिल्या खेपेची ती चूक होती. नंतरच्या खेपांना चूक म्हणायला त्याची स्वतःचीच जीभ रेटत नसे.

आता स्वीडनहून साफसूफ केलेली नवी प्रत आली. डबे नाहीत, रिळं नाहीत, सगळा सिनेमा तळहाताएवढ्या पेटीत. सोबत तो कसा बनला याची इंग्रजी पुस्तिका. रविवारी सर प्रास्ताविक करणार होते. सरांची मुलगी आता क्लबची चिटणीस. तिने पुस्तिका ऑपरेटरच्या हातात दिली. "काका, बाबांची नजर अधू झालीय. तुम्ही जरा वाचून सांगाल त्यांना?"

ऑपरेटरने ती शब्द लावत लावत वाचली. आईचं काम करणारी बाई नटी नव्हतीच, ती नाटक कंपनीत कपडे शिवायची. शूटिंग अर्ध्यावर आलं आणि ती खरोखर वारली. लोक दिग्दर्शकाला म्हणाले, दुसरी बाई पाठमोरी उभी कर, कोणाला कळतंय! तो ऐकेना. त्याने गोष्टच बदलली. एव्हाना बर्फ वितळायला लागला होता. मग बारा दिवस त्याने तिच्याविना उरलेलं स्वयंपाकघर टिपलं, कॅमेरा तिच्या नजरेच्या उंचीवर ठेवून. त्या बारा दिवसांत जेवायच्या सुट्टीतसुद्धा तिच्या खुर्चीत कोणी टेकलं नाही.

त्या दिग्दर्शकाने मनावर दगड ठेवून जे दाखवलं होतं, ते आपण पुसून टाकलं. ऑपरेटरला स्वतःची लाज वाटली. तो तडक सरांकडे गेला.

"या राजे," सर म्हणाले.

ऑपरेटरने एका दमात सगळं सांगून टाकलं. बर्फाचंही सांगितलं.

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"दुसऱ्या दिवसापासून."

सर म्हणाले, "जा तुम्ही."

शनिवारी दुपारी मुलीचा निरोप आला, बाबांना सिनेमा लोकांच्या आधी बघायचाय, तुम्हीही या. सर पहिल्या रांगेत होते. त्यांनी शेजारच्या खुर्चीवर हात आपटला. ऑपरेटर बसला. मुलगी मागे उभी राहिली.

खिडकीपर्यंत बर्फ आला. आईने पीठ मळलं. मग घोटाभर बर्फातून शवपेटी गेली आणि पडद्यावर ते स्वयंपाकघर आलं. सर पुढे वाकले.

"आता येते का?"

"नाही, सर."

"शेवटच्या रिळात?"

"नाही."

बाप दारात आला, खुर्चीकडे बघून परत गेला. सर हलले नाहीत. सिनेमा संपला तरी हलले नाहीत. आवाज आला तो मागून.

"बाबा, शाळेत मी 'आई वारली' असं सांगितलं म्हणून तुम्ही आठवडाभर माझ्याशी बोलला नव्हतात." ती आता अडतीस वर्षांची होती. "मी नंतर आईविषयी कधी बोललेच नाही."

आपण सरांना फसवलं, एवढंच ऑपरेटर इतकी वर्षं पोटात घेऊन हिंडत होता. त्या घरातली पोर त्याने जमेतच धरली नव्हती.

"इकडे ये," सर म्हणाले. ती पुढे येऊन त्यांच्या पायाशी बसली. सरांनी चाचपडत तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"गेली गं तुझी आई," ते म्हणाले. "गेली."

ती रडायला लागली. लहान पोर रडतं तशी, मोठ्याने, नाक ओढत. सरही रडत होते. ऑपरेटर उठून जाऊ लागला, तेव्हा तिने त्याच्या शर्टाचं टोक धरून त्याला खाली बसवलं. माफ केलं, असं ती म्हणाली नाही.