चंद्रप्रकाशच्या पत्त्याचा नारळ

पैज लागली सोसायटीच्या गेटवर, आणि लागली ती गुणाजीच्या मिशीवर. गिरणीतल्या बापाकडून आलेली ती एवढीच इस्टेट, रोज खोबरेल पाजून वाढवलेली.

समोर सेक्रेटरी चंद्रप्रकाश. घाटकोपरच्या त्या बिल्डिंगमध्ये हा इसम कायम भूमिपूजनाला आल्यासारखा वावरायचा. मागे गच्चीवरच्या पंपाला हार घालून, नारळ फोडून उद्घाटन केलं, तेव्हा पाइप जोडलाच नव्हता!

"तुमचे फुकटातले ईमेल म्हणजे सार्वजनिक मुतारी," तो म्हणाला. "मी ईमेलची कंपनी बदलली. स्वतःच्या नावाचं डोमेन घेतलं. पत्त्यात ‘ॲट’च्या पुढे मी, मागेही मीच."

"मग वास डबल येणार रे!" गुणाजी म्हणाला.

चंद्रप्रकाशचे कान लाल झाले. "रविवारी गणपतीच्या मीटिंगमध्ये नव्या पत्त्यावर मेल टाका. सगळ्यांसमोर वाचून दाखवतो. वाचला, की तू मिशी उतरवायचीस."

"आणि नाही वाचलास, तर खंडूची टोपी घालून संध्याकाळभर गेटवर उभा राहा. येईल त्याला कडक सलाम."

वॉचमन खंडूला "सलाम नीट मार" म्हणून रोज झापणाऱ्या चंद्रप्रकाशने टाळी दिली.

गुणाजीच्या बायकोने, कमलने, घरी ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "मिशी गेल्यावर सोललेल्या अंड्यासारखा दिसशील मेल्या!"

गुणाजीची तंतरली. पण दुसऱ्या दिवशी चंद्रप्रकाशने मिरवायला फोन त्याच्या नाकाखाली धरला. वर नव्या पत्त्याचं नाव ठळक, आणि खाली लाल अक्षरांत बारीक ओळ: तुमच्या जुन्या ईमेलवर लिंक पाठवली आहे, शनिवारपर्यंत दाबा, नाहीतर डोमेन बंद. चंद्रप्रकाश फक्त नाव बघत होता. स्वतःचंच नाव, किती वेळ बघावं माणसाने!

गुणाजीच्या मिशीला पीळ चढला.

"साहेब, नवीन घरात जाताना जुनी खोली ठेवतं का कोणी? लोक म्हणतील, ह्याचाच ह्याच्यावर भरवसा नाही. जुना पत्ता उडवून टाक. शुक्रवारी झकास मुहूर्त आहे."

मुहूर्त म्हटल्यावर संपलंच. शुक्रवारी चंद्रप्रकाशने फोनला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि जुना पत्ता कायमचा पुसला. टाळ्या सगळ्यांत जोरात वाजवल्या त्या गुणाजीने.

रविवारी सगळ्यांनी मेल टाकले. सगळ्यांचे उलटे आले. असा पत्ताच नाही!

चंद्रप्रकाशला घाम फुटला. डोमेनवाल्यांकडे लॉगिन करायला गेला, तर पासवर्ड विसरलेला. नवा मागितला, तो गेला जुन्या पत्त्यावर. जुना पत्ता परत मागितला, तर त्याचा कोड गेला नव्या पत्त्यावर.

"पुढेही तूच, मागेही तूच," गुणाजी म्हणाला. "आणि मध्ये कोणीच नाय."

सगळी मीटिंग खिदळत गेटवर आली. खंडू चहा घेऊन सेक्रेटरीच्या खुर्चीत बसला. त्याची टोपी चंद्रप्रकाशच्या कानांवर अडकली. चंद्रप्रकाशने सलाम मारला भाजीवाल्याला, कचरेवाल्याला, क्लासवरून येणाऱ्या पोरींना. मान खाली, हात वर.

गुणाजी पिशवी घेऊन दुधाला निघाला. घरात दूध होतं. तो गेला, आला, परत गेला.

"कोपर वर घे जरा," मिशी पिळत तो म्हणाला. "सलाम नीट मार."

चंद्रप्रकाशने कोपर वर घेतलं.