करवतीचा सूर

रुद्रप्पाने करवतीचा नवा पट्टा दोन्ही चाकांवर चढवला, वरच्या चाकाची मूठ एकेक आटा फिरवत तो ताणला आणि बोटाने छेडून पाहिला.

"करवत लावतोस का एकतारी?" वखारीचे मालक आबासाहेब म्हणाले. "गिरणीच्या तुळया आज जायच्यात."

रुद्रप्पा हसला नाही. त्याची नजर फाटकाकडे जाऊ पाहत होती आणि आबासाहेब नेमके मध्ये उभे होते.

फाटकाशी त्याची बायको चंद्रव्वा भाकरीचं गाठोडं घेऊन उभी होती. इंजिनाशेजारी वर्षं काढून रुद्रप्पाचे कान गेले होते. पट्टा बदलायच्या वेळेलाच ती भाकरी आणायची आणि सूर बरोबर लागला की मान हलवायची. सैल पट्टा चालत्या चाकावरून उडतो, फार ताणला तर तुटतो. या दोहोंमधला सूर तिला पाठ झाला होता. वखारीत हे कुणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक झालं असतं, तर रुद्रप्पाच्या जागी त्याच्या हाताखालचा पंचाक्षरी उभा राहिला असता.

पंचाक्षरी ओंडका सरकवायला करवतीपुढे आला होता.

"वैनी, भाकरी झाका की! भुसा खायला घालताय काय दादाला?"

रुद्रप्पाने पट्टा पुन्हा छेडला. आवाज जाड, ढिला आला. चंद्रव्वा डावीकडे सरकली. आबासाहेबही सरकले.

"झालं का?"

रुद्रप्पाने त्यांच्या ओठांकडे पाहिलं. "व्हय."

पंचाक्षरीने ओंडक्यावर दोन्ही हात ठेवले. पट्ट्याचे दाते त्याच्या छातीसमोर होते. आबासाहेबांनी इंजिनवाल्याला खूण करायला हात उचलला.

"थांबा!" चंद्रव्वा ओरडली. "पट्टा सैल हाय!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. एकट्या रुद्रप्पाने नाही. तो मुठीवरचं तेल पुसत होता.

आबासाहेब त्याच्या पाठीमागे गेले. "रुद्रप्पा." मग मोठ्याने, "रुद्रप्पा!"

तो पुसतच राहिला.

"कधीपासनं?" आबासाहेबांनी चंद्रव्वाला विचारलं. मग ते करवतीकडे वळले.

"पंचाक्षरी, मूठ तू घे. आजपासून करवत तुझी. ओंडकाही आज तूच सरकव."

रुद्रप्पाला ते ऐकू आलं नाही. पंचाक्षरीने त्याच्या हाताखालून मूठ घेतली तेव्हा कळलं. तो दोन पावलं मागे सरला आणि तेलाचं फडकं कुठं ठेवावं ते त्याला सुचेना.

पंचाक्षरीने मूठ फिरवली, पट्टा छेडला, कान देऊन ऐकलं. परत फिरवली, परत छेडला. आवाज बदलत होता, पण त्यातून त्याला काही उमगत नव्हतं. त्याने दात्यांकडे पाहिलं, स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

"वैनी?"

चंद्रव्वाने गाठोडं छातीशी धरलं. इंजिनवाला खोळंबला होता. रुद्रप्पा तिच्या ओठांकडे पाहत होता.

"आनकी एक आटा," ती म्हणाली.