मृताची आई

दुधराम गेला तेव्हा त्याचं लग्न ठरलेलं होतं. धानाच्या कापणीत विळा पोटरीला लागला. त्यानं जखमेत हळद भरली, फडकं गुंडाळलं आणि शेतातली ती बांधी कापून पुरी केली. आठवडाभरानं त्याचा जबडा आवळला. गोंदियाच्या दवाखान्यात धनुर्वातानं आखडलेलं ते शरीर सुलोचनाबाईच्या मांडीवरच थंड झालं.

तेरवीनंतर तिनं पटवाऱ्याला शेतीवर आपलं नाव चढवायला सांगितलं. पटवाऱ्यानं नात्यापुढे लिहिलं, 'मृताची आई'. गावात कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

हरकत घेतली तिच्या जावयानं, जागेश्वरनं. दुधरामची थोरली बहीण प्रेमिला त्याला दिलेली होती. त्यानं प्रेमिलाच्या नावानं गोंदियाच्या कोर्टात दावा लावला.

दोन्ही पोरं सुलोचनाबाईच्या नवऱ्याच्या, बकारामच्या, पहिल्या बायकोची, गयाबाईची. दुधरामच्या बाळंतपणातच ती वारली होती. मग सुलोचना त्या घरात नवरी होऊन आली आणि शेळीच्या दुधात कापूस भिजवून तिनं ते पोर जगवलं. प्रेमिला तेव्हा परकर सावरत अंगणात फिरायची. पुढे दोनच वर्षांत बकाराम तापानं गेला आणि शेती दुधरामच्या नावावर चढली. सुलोचनाचा भाऊ उदाराम तिचा पाट लावून द्यायला आला.

"तुही उमर आहे अजून," तो म्हणाला. "तुले तुही लेकरं होतीन."

"मंग हे कोनाची हायेत?" तिनं विचारलं, त्याला जेवू घातलं आणि परत पाठवलं.

कोर्टात उभं राहण्याआधीच तिच्या वकिलानं विचारलं होतं, "पोराला दत्तक घेतल्याचा काही पुरावा आहे का?"

"आपल्याच पोराले कोन दत्तक घेते, साहेब?"



साक्षीच्या दिवशी जागेश्वरच्या वकिलानं विचारलं, "दुधरामची आई हयात आहे?"

"तुमच्या पुढं उभी आहे ना."

"त्याला जन्म तुम्ही दिला?"

"नाई. पन लहानाचा मोठा मी केलो."

"जेवढं विचारलं तेवढं सांगा. जन्म कुणी दिला?"

"गयाबाईनं."

वकील न्यायाधीशांकडे वळले. "आई मयत आहे, हे नोंदवून घ्यावं."

सुलोचनाबाई कठड्याला धरून उभी राहिली. न्यायाधीश भले गृहस्थ होते. त्यांनी समजावून सांगितलं की, वारसाच्या नव्या कायद्यात आई म्हणजे जन्म देणारी किंवा रीतसर दत्तक घेणारी. सावत्र आई म्हणजे फक्त बापाची विधवा, आणि तिचा हक्क सख्ख्या बहिणीच्या मागे येतो.

"मंग त्याले ताप यायचा तवा कायद्याची माय कोठी होती?" तिनं विचारलं.

कुणी तरी हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी मान खाली घालून पुढची साक्ष बोलावली.

प्रेमिला उभी राहिली. सुलोचनाबाईच्या वकिलानं विचारलं, "तुम्हा दोघांना कुणी वाढवलं?"

"मायनं," प्रेमिला पटकन बोलून गेली. जागेश्वर बाकावरून तिच्याकडे बघत होता. तिनं पदर ओढून घेतला. "सावत्र मायनं."

त्या घरात हा शब्द आजवर कुणी उच्चारला नव्हता. निकाल पुढे लागला, पण सुलोचनाबाईनं त्याची वाट बघितली नाही. दुसऱ्याच दिवशी घराची किल्ली पटवाऱ्याच्या हाती देऊन ती देवरीकडे उदारामच्या घरी निघून गेली.

जमीन प्रेमिलाला मिळाली. जागेश्वरनं ती लगेच विकली आणि गोंदियात किराण्याचं दुकान टाकलं. सुलोचनाबाईच्या पोटापुरतं धान द्यायचं त्यानं कबूल केलं होतं. ते एक साल आलं, मग बंद झालं.

"पुन्हा कोर्टात जाऊ," उदाराम म्हणाला.

"कायले? आता कोनता शब्द हिसकू देऊ त्याईले?"

भावजयीच्या घरी बसून खायला नको म्हणून ती दुसऱ्यांच्या बांध्यांत धानाच्या रोवणीला जाऊ लागली. एका रोवणीत प्रेमिला बसनं येऊन बांधावर उभी राहिली. "माय, घरी चाल वो," ती रडत होती. सुलोचनाबाईनं वर पाहिलं नाही. बराच वेळ थांबून प्रेमिला गेली.

शेजारी रोवणारी बाई गावात नवीन होती. तिनं विचारलं, "पोरगी तुही काय वो? लेकरं किती तुले?"

चिखलात रोप खोचत सुलोचनाबाई म्हणाली, "एकच पोरगा होता. मेला."